लीकच्या आकड्यांवर ग्राफिक्स कार्ड ठरवू नकोस

मित्रा, नव्या कार्डाच्या फुटलेल्या माहितीत कोअर (गणितं करणारे छोटे भाग) दुप्पट दिसले, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमही दुप्पट, हा हिशोब आधी डोक्यातून काढ. एनव्हिडियाच्या २०८० टीआय कार्डात ४३५२ कुडा कोअर (एनव्हिडियाच्या कोअरचं नाव) होते, त्यानंतरच्या ३०८० मध्ये ८७०४. बरोब्बर दुप्पट! २०२० मध्ये आम्हीही हुरळलो होतो. प्रत्यक्षात ४के रिझोल्यूशनच्या गेममध्ये फरक निघाला साधारण २५-३० टक्के. कारण ३०८० च्या नव्या रचनेत निम्मे कोअर पूर्णांकांची गणितंही करायचे. ती चालू असली की दशांशाच्या गणितांना, म्हणजे गेमच्या मुख्य कामाला, मोकळे नसायचे.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने नव्या ५०७० कार्डाबद्दल सांगितलं, ५४९ डॉलरमध्ये आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० ची कामगिरी. त्यात एआयने मधे घुसवलेल्या फ्रेम धरल्या होत्या, एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत. शिवाय मेमरी १२ जीबी. ४०९० ची २४. प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीवालेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ७९०० एक्सटीएक्स कार्डाच्या वेळी आपल्याच आधीच्या कार्डाच्या '१.७ पटीपर्यंत' वेग म्हणाले होते. त्यातलं ते 'पर्यंत' वाचायला शीक.

कंपनीच्या तक्त्याखालची बारीक अक्षरं बघ: रिझोल्यूशन कुठलं, अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) चालू आहे का. आणि स्वतंत्र चाचण्या येईपर्यंत जुनं कार्ड विकू नकोस. मी एकदा विकलं. दोन महिने ऑनबोर्ड ग्राफिक्सवर पत्ते खेळत बसलो होतो.