आभार मानता येत नाहीत, मग माझा विश्वास खोटा का?

गेल्या पावसाळ्यात नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाई माझ्याकडे आल्या. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना ताईच म्हणते. बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. "हे वाचा आणि मी ढोंगी आहे की नाही ते सांगा."

वही आभारांची होती. महिला मंडळात ठरलं होतं, रोज सकाळच्या प्रार्थनेला देवाचे पाच उपकार लिहायचे. पानामागून पान तेच: अन्नाबद्दल, वस्त्राबद्दल, निवाऱ्याबद्दल, मुलांबद्दल, आरोग्याबद्दल. शेवटी लिहिलेल्या पानांवर 'आरोग्याबद्दल' लिहिताना पेन इतकं दाबलं होतं की मागच्या बाजूला वळ उठले होते.

ताईंचे यजमान त्याच्या आठ महिने आधी गेले होते. तीन वर्षं डायलिसिस चालू होतं. पाण्यावर बंधन, म्हणून दिवसभराचं पाणी ताई सकाळी एका बाटलीत मोजून ठेवायच्या. एप्रिलच्या उन्हात ते आणखी घोटभर मागायचे आणि ताई नाही म्हणायच्या. "मी त्यांना पाणी दिलं नाही हो," हे वाक्य त्या तासाभरात चार वेळा आलं. त्यात मंडळीतल्या कुणी सांगितलं, यातही देवाचे आभार मान. तेव्हापासून चर्चमध्ये गीताला उभं राहिलं की त्यांचा आवाज फुटत नव्हता.

ही काळजी घेऊन येणारे बरेच जण असतात. वाक्य ठरलेलं असतं: मनापासून आभार निघत नाहीत, म्हणजे माझा विश्वास आटला. मी आधी झोप, जेवण, जगण्याची इच्छा याविषयी विचारते. ताईंची झोप उडाली होती, म्हणून डॉक्टरांकडेही पाठवलं. प्रार्थना आणि औषध यांत मला कधीच भांडण दिसलेलं नाही.

मग वचनाकडे, म्हणजे बायबलकडे, वळलो. मी म्हटलं, प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना पत्रात 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा', म्हणजे आभार माना, असं लिहितो. स्थितीत. दुखण्यात असताना देवाशी बोलणं सोडू नका, असं मला त्यात ऐकू येतं. दुखण्याबद्दलच आभार माना, असं नाही. ताई बायबल कोळून प्यालेल्या. लगेच म्हणाल्या, "आणि पौलाच्याच इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय? तिथे सर्व गोष्टींबद्दल म्हटलंय." बरोबर होतं त्यांचं, आणि ते वचन गुंडाळून ठेवायची माझी इच्छा नव्हती. मी त्यांना गेथशेमानेत नेलं, म्हणजे वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूनं जिथे प्रार्थना केली त्या बागेच्या प्रसंगाकडे. तिथे प्रभूनं प्याल्याबद्दल, म्हणजे पुढ्यातल्या दुःखाबद्दल, आभार मानलेले नाहीत. हा प्याला टळून जावो, असं मागितलं. मरण पावलेला मित्र लाजर याच्या कबरेशी तो आधी रडला आणि मग म्हणाला, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. स्वतः प्रभूनं रडणं गाळलं नाही, तर ते गाळून आभारांकडे उडी मारायला आपण ताईंना कसं सांगायचं?

बायबलातलं तेरावं स्तोत्र आम्ही मोठ्यानं वाचलं. सहाच वचनं. सुरुवात 'कोठवर?' या गाऱ्हाण्यानं होते आणि शेवट उपकार आठवून गाण्यानं. अठ्ठ्याऐंशीवं मात्र अंधारातच संपतं, तरीही ते बायबलात आहे. ताईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी रडल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा, असं त्यांनीच सांगितलं.

वही बंद करायला मी सांगितलं नाही. फक्त पद्धत बदलली. पानाच्या डाव्या बाजूला देवाकडे गाऱ्हाणं, जसं असेल तसं. उजव्या बाजूला एकच उपकार, तोही गेल्या चोवीस तासांतला, डोळ्यांनी पाहिलेला. 'अन्नाबद्दल' चालणार नाही. कुणी काय दिलं, कसं दिलं, ते लिहायचं. काही सापडलं नाही तर जागा कोरी सोडायची आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली, म्हणायची. सवयीनं केलेले आभार खोटेच असतात असं मी मानत नाही. जेवणाआधीची प्रार्थना आपण लहानपणी अर्थ कळायच्या आधीच शिकतो. पण न पाहिलेल्या उपकाराची यादी लिहून लिहून माणूस देवापासून दूर जाऊ शकतो, हे मी जवळून पाहिलंय.

पहिले नऊ दिवस उजवी बाजू कोरी. दहाव्या दिवशी ताईंनी नियम मोडला आणि जुनी गोष्ट लिहिली: 'डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर एक मुसलमान बाई माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायची. मी तिला नाव विचारलं नाही. देवा, ती तूच पाठवली होतीस.' मी नियमाचं नावही काढलं नाही.

पाण्याची गोष्ट सुटायला वेळ लागला. डॉक्टरांनीच पाणी मोजायला लावलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं, तरी मन ऐकत नव्हतं. ऑक्टोबरात डाव्या बाजूला त्यांनी लिहिलं, 'ते तहानलेले गेले.' त्याच दिवशी उजवीकडे: 'शेवटच्या रात्री नर्सनं कापूस भिजवून माझ्या हातात दिला. मी त्यांचे ओठ पुसले. ते हसले. ही आठवण माझ्याकडे ठेवलीस, तुझी उपकारस्तुती असो.'

परवा आल्या तेव्हा वही अर्धी भरली होती. डाव्या बाजूला अजून रोज काहीतरी असतं. रविवारी गीताला उभ्या राहिल्या, म्हणाल्या, दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज टिकला, मग बसले.