लोह वाढवायचंय, पण गोळीची भीती वाटते?

अगं, सगळ्या भाज्या आवडायलाच हव्यात असं नाही. तू जे आवडीने खातेस तिथूनच सुरुवात कर. पोहे लोखंडी कढईत कर, वर लिंबू सढळ हाताने पिळ. क जीवनसत्त्वामुळे त्यातलं लोह अंगी लागतं. बहुतेकांचं चुकतं ते पुढे: लगेच चहा! तो तासभर लांब ठेव. शिवाय सगळी भिस्त पालकावर नको, त्यातलं लोह फार कमी शोषलं जातं. त्यापेक्षा हळिवाचा लाडू, मटकीची उसळ. चालत असेल तर कलेजी.

आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घेच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर नुसत्या आहारावर विसंबू नकोस. गोळीने शौचाला काळसर होतं, त्याला घाबरू नकोस. पोट बिघडलं तर डॉक्टरांना सांग, ते गोळी बदलून किंवा दिवसाआड देतात.