‘यॉर्क फॅक्टरी’त कसला कारखाना होता?

प्रश्न असा आहे : उत्तर अमेरिकेतल्या फरच्या व्यापाराचा इतिहास मराठीत लिहिताना ‘यॉर्क फॅक्टरी’, ‘मूस फॅक्टरी’ अशी ठाणी येतात. तिथे काय तयार होत असे आणि ‘फॅक्टरी’ला ‘कारखाना’ म्हणावं का?

म्हणू नये. नेमका शब्द आहे ‘वखार’. इंग्रजांची सुरतेला आणि राजापूरला होती, तीच ही फॅक्टरी. फॅक्टर म्हणजे धन्याच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा गुमास्ता. तो जिथे राहतो आणि माल साठवतो ती फॅक्टरी. पोर्तुगीजांची ‘फेइतोरिया’ही याच कुळातली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने 1668 मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली आणि 1670 मध्ये फरचा व्यापार करणाऱ्या, या ठाण्यांच्या मालक हडसन्स बे कंपनीला सनद दिली. दोन्ही कंपन्या लंडनच्याच, तेव्हा शब्दही एकच.

आजच्या कॅनडातल्या हडसन उपसागराच्या काठी, हेज नदीच्या मुखाजवळ 1684 मध्ये यॉर्क फॅक्टरी उभी राहिली. तिथे लोहार होते, पिंपं बांधणारे होते, पण ते वखारीच्या गरजेपुरते. मुख्य काम देवघेवीचं. उन्हाळ्यात क्री या तिथल्या आदिवासी जमातीचे लोक भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून बीव्हर या दाट केसांच्या, पाण्यात वावरणाऱ्या प्राण्याची कातडी आणत आणि बंदुका, भांडी, ब्लँकेटं, तंबाखू नेत. हिशेब ‘मेड बीव्हर’मध्ये चाले : पूर्ण वाढीच्या बीव्हरचं हिवाळ्यातलं एक उत्तम कातडं म्हणजे एक मेड बीव्हर. बाकी जनावरांच्या कातड्यांची किंमतही त्यातच मोजत. पुढे कंपनीने एक, अर्धा, पाव आणि अष्टमांश मेड बीव्हरची पितळी नाणी काढली. हा शब्द मात्र भाषांतर न करता तसाच ठेवावा; ‘बीव्हरचं कातडं’ म्हटलं की वस्तू कळते, चलन कळत नाही.

बीव्हरच्या आतल्या मऊ लवेचा नमदा (केस दाबून केलेलं जाड कापड) होई आणि त्या नमद्याच्या टोप्या युरोपभर खपत. अंगावर पांघरून वापरलेल्या कातड्यांचे वरचे राठ केस झडलेले असत, म्हणून टोपीवाल्यांना ती अधिक पसंत. आपल्या जुन्या लिखाणातले ‘टोपीकर’ म्हणजे युरोपीय ज्या टोप्यांवरून ओळखले गेले, त्यांत बीव्हरच्याही असणार, असं मला वाटतं.

वखारीच्या प्रमुखाला, म्हणजे ‘चीफ फॅक्टर’ला, ‘मुख्य गुमास्ता’ म्हणायला 1821 पर्यंत हरकत नाही. त्या वर्षी प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन्स बेमध्ये विलीन झाली आणि चीफ फॅक्टरना नफ्यात ठरलेला हिस्सा मिळू लागला; ते नुसते गुमास्ते उरले नाहीत. त्यानंतरच्या काळासाठी पदनाम मूळचंच ठेवावं. ‘यॉर्क फॅक्टरी’ हे ठिकाणाचं नाव, तेही बदलू नये. पहिल्या उल्लेखाशी ‘ही वखार’ एवढं जोडलं की पुरे.