लोणावळ्याच्या टाइमशेअर (सदस्यत्व घेऊन दरवर्षी ठरावीक दिवस राहायचं) रिसॉर्टमध्ये दोन दिवस वीज नव्हती, जनरेटरही बंद. भरपाई मिळेल का?

हो, मागता येते. आधी वाया गेलेल्या रात्री सदस्यत्वाच्या खात्यात परत जमा करून मागा, रोख रकमेपेक्षा ते पदरात पडणं सोपं. देखभाल शुल्क घेऊन कबूल केलेली सोय न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतली त्रुटीच आहे. चेक-आउटआधी रिसेप्शनच्या तक्रारवहीत वीज गेल्याची-आल्याची वेळ लिहा, त्या पानाचा फोटो काढून रिसॉर्टला मेल करा. हा कागद फार कामाला येतो. दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, नाहीतर 2 वर्षांच्या आत आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार; सदस्यत्वासाठी 5 लाखांपर्यंत मोजले असतील तर तक्रारीला शुल्क नाही. मात्र वादळात लाइन तुटली असेल तर वीज गेल्याचा दोष रिसॉर्टच्या माथी मारता येणार नाही. करारात किंवा माहितीपत्रकात पॉवर बॅकअप लिहिलेला असेल, तर जनरेटर न चालल्याचा नक्की येतो.