आईंसाठी मोठी गाडी

प्रश्न : माझी 2015ची स्विफ्ट डिझेल 1,12,000 किलोमीटर झाली आहे. पुण्यातल्या एका डीलरकडे 2012ची स्कोडा सुपर्ब, डिझेल ऑटोमॅटिक, 94,000 किलोमीटर झालेली, पावणेसहा लाखांना आहे. माझ्या गाडीचे तो सव्वातीन द्यायला तयार आहे. वरच्या अडीच लाखांसाठी पर्सनल लोन काढू का? आईला कंबरेचा त्रास आहे आणि महिन्यातून दोनदा तिला तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. एकूण रनिंग महिन्याला 1,200 किलोमीटर. – एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला माझीच एक रात्र आठवली. मीही चांगली चालणारी डिझेल हॅचबॅक देऊन नऊ वर्षं जुनी मोठी युरोपीय सेडान घेतली होती. कारण तुमच्यासारखंच, वडिलांना मागे पाय पसरून बसता यावं. चौथ्या महिन्यात, पुण्याहून येताना, खंबाटकीच्या चढाला गिअरबॉक्सने मान टाकली. वडील मागे बसलेले, बाहेर पाऊस. साताऱ्यात माझं स्वतःचं गॅरेज, हाताखाली तीन पोरं, तरी त्या गिअरबॉक्सला मी हात लावू शकलो नाही. तो उघडायला लागणारी हत्यारं आणि सॉफ्टवेअर माझ्याकडे नव्हतं. पार्ट यायला 22 दिवस लागले आणि बिल झालं 1,38,000. गाडी घेतली होती चार लाखांना.

तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. ही सुपर्ब नवी असताना वीस लाखांच्या वरची होती. आज ती पावणेसहाला मिळेल, पण तिचा गिअरबॉक्स वीस लाखांच्या गाडीचाच आहे.

गाडी वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. 1968 सीसीचं इंजिन, 140 पीएस ताकद, आणि मागची जागा अशी की उंच माणूसही पायावर पाय टाकून बसेल. मागच्या डाव्या दारात छत्री ठेवायचा कप्पा असतो. पाहायला जाल तेव्हा तो आधी उघडा. छत्री जागेवर असेल आणि आत कुबट वास नसेल, तर गाडी कुणीतरी मायेने वापरली आहे असं मी धरतो. त्यानंतर कागद. हिच्या सहा गिअरच्या डीएसजीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल दर 60,000 किलोमीटरला बदलावं लागतं, त्याचं बिल मागा. तुमच्या स्विफ्टला टायमिंग चेन आहे, हिला ठरावीक काळाने बदलावा लागणारा बेल्ट आहे. तो बदलल्याचा पुरावा नसेल तर बेल्ट, तो ताणून ठेवणारा टेन्शनर आणि वॉटर पंपाचा खर्च लगेच तुमच्या माथी. इंजिन बंद करताना खालून खडखड आली, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, संपत आलंय.

आणखी एक गोष्ट डीलर सांगणार नाही. 2012च्या गाडीची नोंदणी 2027 मध्ये संपते. मग आरटीओत फिटनेस, पाच हजार नूतनीकरण शुल्क, वर पर्यावरण कर, आणि पुढची मुदत पाचच वर्षांची. स्विफ्टला 2030 पर्यंत हा प्रश्न नाही. डिझेलही महिन्याला तीसेक लिटर जास्त लागेल.

म्हणून पर्सनल लोन काढून ही गाडी घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. हप्ता फेडत असताना गिअरबॉक्स गेला तर आईंची तपासणी चुकेल, आणि गाडी तर तुम्ही त्यासाठीच घेताय. किंमत रोख देऊन वर दीड लाख बाजूला राहत असतील, तर गोष्ट वेगळी.

आधी स्विफ्ट लिफ्टवर घ्या. एक लाखाच्या पुढे शॉकॲब्सॉर्बर आणि रबरी बुश बहुतेक गेलेले असतात, आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट कंबरेत जातो. ते बदलून महिनाभर बघा.

तरी जागा हवीच असेल, तर 2015-16ची डिझेल सियाझ शोधा. स्विफ्टमधलंच 1248 सीसीचं इंजिन, फक्त ताकद जास्त. कराडातला कुठलाही मेकॅनिक ते ओळखतो आणि मागे पाय ठेवायला भरपूर जागा आहे. फार मोठा मान मिळणार नाही, पण रस्त्यात अडकणारही नाही.

स्विफ्ट डीलरला देताना, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करू नका. गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म 29 सी मध्ये करून घ्या, नाहीतर पुढची चलनं तुमच्याच नावावर येतील. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा.

आणि कुठलीही गाडी ठरवण्याआधी आईंना सोबत न्या. मागे बसवून निदान अर्धा तास चालवा, मग त्यांना उतरताना पाहा. खाली असलेल्या सीटवरून उठताना त्यांनी दाराला हात घट्ट धरला, तर ती गाडी सोडून द्या.