सरळ विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल का?

“मॅडम, मी त्यांना सरळ विचारलं आणि नसलेलंच डोक्यात भरलं तर?”

साताऱ्यात समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या त्या ताईंचा हा प्रश्न, नवऱ्याच्या मनात आत्महत्येचा विचार आहे का हे विचारण्याबद्दलचा. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, अशा कामातल्या लोकांच्या घरून तो मला फार वेळा येतो. त्यांचे यजमान रुग्णवाहिकेवर चालक. त्या लोकांत याला पायलट म्हणतात. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) खंबाटकी घाटापासून कराडपर्यंतच्या महामार्गावरचे किती अपघात त्यांनी उचलले असतील, त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही.

झोप उडालेली, चिडचिड वाढलेली. ड्युटीवर डबा न्यायचं बंद. “कामाचा ताण आहे” म्हणून घरच्यांनी दिवस काढले. पण आदल्या दिवशी त्यांनी विम्याची आणि बँकेची कागदं एका पिशवीत घालून बायकोच्या हातात दिली. “तुला ठाऊक असावं,” एवढंच बोलले. संध्याकाळी मोटारसायकल धाकट्या भावाला देऊन टाकली. ताईंच्या पोटात गोळा आला तो तेव्हा.

“विचारलंत का काही?”

“विचारलं की. म्हटलं, असलं-तसलं काही मनात नाही ना तुमच्या? छे, म्हणाले.”

आपण सगळे असंच विचारतो. ‘नाही ना?’ म्हटलं की समोरच्याला कळतं, हिला ‘नाही’च ऐकायचंय. आणि जो माणूस दिवसभर दुसऱ्यांना धीर देतो, तो घरच्यांनाही धीरच देणार. सरळ विचारल्यानं आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. विचार आधीच असेल तर तो बोलायला वाट मिळते.

कागदं, गाडी अशी आवराआवर दिसली की थांबायचं नसतं. मी त्यांना म्हटलं, “आजच घेऊन या. तोवर एकटं सोडू नका.” संध्याकाळी भाऊ त्यांना घेऊन आला.

थोडं इकडचं-तिकडचं बोलून मी विचारलं, “जीव संपवावा असं मनात येतं का?”

ते बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “येतं. गाडीवर असलो की नाही. ड्युटी संपली की येतं.”

मग डब्याची गोष्ट निघाली. एका पहाटे टेम्पोतल्या माणसाला बाहेर काढलं, तो गेलेला होता. सीटखाली त्याचा डबा होता. “हातात घेतला तर गरम होता, मॅडम. तिनं नुकताच भरून दिला असणार.” तेव्हापासून बायकोच्या हातचा डबा त्यांना धरवत नव्हता.

पुढचे प्रश्नही सरळच विचारले. कधीपासून, किती वेळा, कसं करायचं हे ठरवलंय का, तसं काही घरात हाताशी आहे का. जे होतं ते भावानं त्याच रात्री आपल्या घरी नेऊन कुलुपात ठेवलं. सकाळी सिव्हिलमध्ये मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, आधी झोपेचं बघितलं. आम्ही एक कागदही तयार केला, त्यांच्याच अक्षरात: मन बिघडायला लागलं की काय जाणवतं, तेव्हा कुठं जायचं, कुणाला फोन करायचा. बायको, भाऊ, गाडीवरचा जोडीदार आणि १४४१६. हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून आहे. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटला तर मात्र ११२ लावायचा किंवा थेट दवाखाना गाठायचा.

“आणि गुन्हा? नोकरी?” हे त्यांनी दार लावून घेऊन विचारलं. मनात विचार येणं हा गुन्हा नाहीच. प्रयत्न झाला तरी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं सांगतं. या खोलीतलं बोलणं साहेबांपर्यंत जात नाही, हेही सांगितलं. पण जिवाला धोका दिसला तर घरच्यांना मी सांगणारच, हे त्यांच्यापासून लपवलं नाही. त्यांनी मान डोलावली.

उपचार अजून चालू आहेत. मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला.

“काल विचारलं मी, सरळ. ‘आज नाही’ म्हणाले. मग जेवायला बसले.”