बीबीएसच्या (फोन लाइनवरून मॉडेमने जोडायच्या बुलेटिन बोर्डाच्या) डॉस मशीनवर सीडी-रॉमचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, आता ड्राइव्हच दिसत नाही, काय करू?

भाऊ, जळगावात कोणी अजून डायल-अप बीबीएस चालवतंय हे वाचूनच लय भारी वाटलं. आधी हे बघा, कॉन्फिग.सिस मध्ये (मशीन सुरू होताना डॉस ही फाइल वाचतो, ऑटोएक्झेक.बॅट पण तशीच) सीडी ड्रायव्हरच्या ओळीत /डी: पुढे जे नाव आहे अगदी तेच ऑटोएक्झेक.बॅट मध्ये एमएससीडेक्सला (सीडीला ड्राइव्हचं अक्षर देणारा प्रोग्राम) पण द्यायचं, एक अक्षर चुकलं तरी ड्राइव्ह गायब. स्मार्टड्राइव्ह (डिस्कवरचा डेटा मेमरीत धरून ठेवणारा, म्हणजे कॅश करणारा प्रोग्राम) एमएससीडेक्सच्या नंतरच लोड करा, डॉस 6.2 पासून तो सीडीपण कॅश करतो पण क्रम उलटा झाला तर नाही करत.

आणि भो, फाइल लिस्ट हार्ड डिस्कवरच ठेवा! 14.4 च्या मॉडेमवरून सेकंदाला दीड-पावणेदोन केबी जातात अन् सिंगल स्पीड सीडी 150 केबी देते, म्हणजे वेगाचा प्रश्नच नाही, दोन-तीन कॉलर एकदम आले की सीडी वाचणारं हेड इकडून तिकडे पळण्यातच वेळ जातो.